हात माझाच होता

नोएडाच्या त्या रुग्णालयात क्रांती गजभियेला कोणी क्रांती म्हणत नसे. डॉक्टर ‘सिस्टर गजभिये’ म्हणत, आणि नव्या पोरी आडनावाचं ‘गजबे’ करून मोकळ्या होत. सुरुवातीची काही वर्षं तिने ते दुरुस्त केलं, मग सोडून दिलं. सत्तावन्न वर्षांच्या बाईने कुठली कुठली दुरुस्ती करत बसायची?

ऑपरेशन थिएटरला लागून रिकव्हरीची खोली होती. शस्त्रक्रिया झालेला माणूस नीट शुद्धीवर येईपर्यंत तिथे राही. त्या खोलीची क्रांती एकोणीस वर्षं इनचार्ज होती. खोलीच्या भिंतीत एक पोलादी कपाट होतं आणि त्यात मॉर्फिन आणि तसल्या इतर औषधांच्या कुप्या असत. ही औषधं वेदना थांबवतात आणि माणसाला चटकही लावतात, म्हणून एकेका कुपीचा हिशेब सरकारला द्यावा लागतो. कपाट उघडायला एक अधिकारी सिस्टर आणि साक्षीला दुसरी, असा नियम. एकोणीस वर्षांत क्रांतीच्या हाताखाली एक कुपी इकडची तिकडे झाली नव्हती. ती हे कुणाला सांगत नसे. तिचे वडील भंडाऱ्याजवळच्या एका शाळेत शिपाई होते. दिल्लीला निघताना ते तिला म्हणाले होते, “बाई, आपल्याकडे बोट दाखवायला लोकांना कारण लागत नाही. निदान आपण कारण देऊ नये.” तेवढं एक तिने गाठीला बांधलं होतं.

जुलैत रुग्णालयाने किल्ल्या काढून घेतल्या आणि मनगटावरचे बँड दिले. घड्याळासारखाच काळा पट्टा, पण त्याला काटे नाहीत की आकडे नाहीत. सकाळी ड्यूटीवर आल्यावर तो डाव्या मनगटाला बांधायचा, उजव्या हाताचा अंगठा त्याच्या वरच्या चकतीवर टेकवायचा आणि बारा सेकंद हलायचं नाही. तेवढ्यात तो हृदयाच्या ठोक्यांची रेघ वाचतो. प्रत्येकाची रेघ वेगळी, अंगठ्याच्या ठशासारखी. रेघ जुळली की हिरवा दिवा लागतो, आणि पट्टा हातावर असेपर्यंत कपाट त्या हाताला उघडतं. तो काढला की संपलं. दुसऱ्याने घातला तर लाल दिवा, आणि मनगटाला एक बारीकसा झटका, फोन थरथरतो तसा.

बँड बसवायला गुरुग्रामच्या कंपनीतून निहार नावाचा माणूस आला होता. चौतिशीचा, पुढचे केस विरळ झालेला, मूळचा पुण्याचा. फॉर्मवर ‘गजभिये’ वाचल्याबरोबर तो मराठीत बोलायला लागला.

“ताई, बिलकुल टेन्शन घेऊ नका. किल्ली हरवते, पासवर्ड लोक कागदावर लिहून ठेवतात. हृदय कुणी चोरून नेऊ शकत नाही.”

“बरं,” क्रांती म्हणाली. तिला त्या बँडचं कौतुकही नव्हतं आणि रागही नव्हता. कंबरेच्या किल्ल्यांचं ओझं कमी झालं, एवढंच तिला वाटलं.

दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग हवा बिघडली. दरवर्षी बिघडते तशीच, खिडकीतून समोरची सोसायटी दिसेनाशी होते, शाळा बंद, बांधकामं बंद, ज्याच्या त्याच्या तोंडाला मास्क. क्रांती गाझियाबादला वैशालीत राहायची. दुसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. पहिल्या जिन्याच्या वळणावर तिला थांबावं लागायला लागलं.

“अगं आई, चल ना यार,” मागून सिद्धांत म्हणाला. तिचा मुलगा, गुरुग्रामच्या एका ऑफिसात कामाला, जन्म इथलाच.

“जरा धाप लागलीय रे.”

“धाप मतलब?”

ती जिन्याच्या कठड्याला धरून हसली. “श्वास फुलतो ना, तो.”

“अच्छा, पोल्यूशन. सगळ्यांनाच होतंय.”

ते खरंच होतं. सगळेच खोकत होते, सगळेच दमत होते. क्रांती पाचला उठायची, दोन डबे भरायची, काशीनाथच्या गुडघ्याला तेल लावून द्यायची आणि सातला ड्यूटीवर हजर व्हायची. काशीनाथ, तिचा नवरा, दिल्लीतल्या एका केंद्रीय मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाला होता आणि गुडघ्यांनी त्याला घरी बसवलं होतं. तीन वाजता घरी आल्यावर क्रांती पाच मिनिटं म्हणून आडवी व्हायची आणि उठावंसं वाटायचं नाही. अंगातलं बळ कोणीतरी काढून घेतल्यासारखं वाटायचं. वयच झालं, ती म्हणायची. जून महिन्यात निवृत्ती होती. तेवढं ओढायचं होतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर एका सकाळी बँडने पहिल्यांदा लाल दिवा दाखवला. तिने हात पुसले, पुन्हा अंगठा टेकवला. पुन्हा लाल. तिसऱ्या वेळेला हिरवा. थंडीने कातडी कोरडी पडली असेल म्हणून तिने क्रीम लावलं. दोन दिवस ठीक. मग पुन्हा लाल. मग एकदा सलग पाच वेळा लाल, आणि कपाट उघडायला नेगीला बोलवावं लागलं. नेगी ही तिच्या हाताखालची सिस्टर, पौडी गढवालची, कामाला वाघीण. कपाटावर दुसरा अधिकार तिचाच होता.

“दीदी, मशीन ही खराब है,” नेगी म्हणाली.

निहारने फोनवरून सांगितलं त्याप्रमाणे पट्टा बदलून झाला, नोंद नव्याने करून झाली. नोंद होताना हिरवं आणि चार दिवसांनी परत तेच. ड्यूटीवर आलेल्या सिस्टरांसमोर इनचार्जने मनगटावर अंगठा दाबून उभं राहायचं, आणि लाल. पुन्हा उभं राहायचं. हळूहळू क्रांतीला सकाळी त्या बारा सेकंदांचीच धास्ती वाटायला लागली.

तिला एक गोष्ट माहीत नव्हती. प्रत्येक नकार कुठेतरी लिहिला जात होता. बँडला ती आजारी आहे की दमलेली आहे हे कळत नाही. त्याला एवढंच कळतं की हा पट्टा जिने घातलाय ती क्रांती गजभिये नाही. महिन्यात तेवीस वेळा त्याने तसं म्हटलं होतं. मॉर्फिनच्या कपाटासमोर तेवीस वेळा कोणीतरी दुसरंच माणूस गजभियेंचा बँड घालून उभं होतं, असा त्या कागदाचा अर्थ होत होता.

नर्सिंग सुपरिंटेंडेंट नीलम ढींगरा यांनी तो कागद तिच्यासमोर ठेवला. बाई वाईट नव्हती. चष्मा काढून डोळे चोळत म्हणाली, “मैं जानती हूँ आपको, सिस्टर. पर सिक्युरिटीवाले पूछ रहे हैं. लिखकर दे दीजिए, कुछ भी.”

काय लिहिणार? क्रांतीने जेवणाच्या सुट्टीत कागद घेतला. तिने आयुष्यात शेकडो अहवाल लिहिले होते, पण असलं काही लिहायची वेळ आली नव्हती. शेवटी तिने एवढंच लिहिलं की सदर सर्व वेळी बँड माझ्याच हातावर होता आणि हात माझाच होता. खाली सही केली. सही करताना तिला हसू आलं नाही, रडूही आलं नाही.

घरी काशीनाथने ते ऐकून घेतलं. चाळीस वर्षं फायलींत गेलेला माणूस. तो म्हणाला, “वाक्य चोख आहे. पण पुरावा नाही.”

“माझा हात माझा आहे याला पुरावा कसला आणू?”

“तेच तर,” तो म्हणाला.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती गोष्ट घडली. बुलंदशहरकडचे एक म्हातारे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पोटाची मोठी शस्त्रक्रिया होऊन बाहेर आले होते. भुलीचा अंमल उतरायला लागला तसे कण्हायला लागले. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहिलं. क्रांती कपाटापाशी गेली. सकाळी दिवा हिरवा लागला होता, पण मध्ये हात धुताना पट्टा सैल होऊन निसटला होता आणि आता नव्याने ओळख पटवायची होती. तिने अंगठा टेकवला. लाल. पुन्हा. लाल. नेगी आत थिएटरमध्ये, हातमोजे घालून केसला उभी. तिला बाहेर काढता येत नव्हतं.

आता एकच वाट उरली होती. दोन मजले खाली सुपरिंटेंडेंटच्या ऑफिसात सीलबंद लिफाफ्यात आणीबाणीची किल्ली. लिफ्टच्या दारात दोन स्ट्रेचर उभी होती. क्रांती जिन्याने उतरली, सही करून लिफाफा घेतला आणि जिन्यानेच वर आली. शेवटच्या दहा पायऱ्या तिने कठड्याला धरून काढल्या. छातीत कोणीतरी मूठभर चणे उधळल्यासारखं होत होतं, कुठे कसे पडतील त्याला धरबंद नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली. तरी ती थांबली नाही.

अकरा मिनिटं गेली होती. म्हाताऱ्यांनी तिची बाही धरली. “बिटिया, कुछ दे दे. बिटिया.”

“देती हूँ बाबा, लाई हूँ.”

सुई टोचून झाली, कण्हणं हळूहळू उतरलं, तेव्हा ती स्टुलावर बसली. अकरा मिनिटं. पाहणाऱ्याला फार वाटणार नाहीत. पण पोट फाडलेल्या माणसाची अकरा मिनिटं काय असतात हे तिच्याएवढं त्या इमारतीत फार थोड्यांना माहीत होतं. त्या संध्याकाळी तिच्या फाइलमध्ये शेरा पडला: औषध देण्यास अनावश्यक विलंब, तसेच बँडच्या वापराबाबत समाधानकारक खुलासा नाही.

दुसऱ्या दिवशी तिने इनचार्जपद सोडण्याचा अर्ज लिहिला आणि पर्समध्ये ठेवला. द्यायलाही खाली जावं लागणार होतं, म्हणून तो तसाच राहिला.

सिक्युरिटीच्या तक्रारीवरून निहारला बोलावलं गेलं. गुरुग्रामहून नोएडाला पोचायला त्याला त्या धुक्यात अडीच तास लागले. स्टाफच्या चहाच्या खोलीत तो लॅपटॉप उघडून बसला. क्रांतीने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि समोर बसली. त्याने तिची रीडिंग्ज एकेक करून उघडली. मग त्याने लॅपटॉप थोडा तिच्याकडे वळवला, आणि लगेच परत आपल्याकडे घेतला.

“ताई, एक सांगू? म्हणजे, मी हे सांगायला नको खरं तर.”

“सांग.”

“आम्हाला लेखी ताकीद आहे. हे मेडिकल यंत्र नाही, रीडिंगवरून कुणाला काही बोलायचं नाही. कंपनीला भीती असते, उद्या कोणी केस केली तर.” त्याने आवाज खाली आणला. “पण तुमची ऑगस्टची रीडिंग्ज आणि आताची… मी इंजिनिअर आहे, मला त्यातलं काही कळत नाही. ऑगस्टमध्ये ठोके ओळीने आहेत. आता कधी ओळीत असतात, कधी वाटेल तसे. ज्या दिवशी ओळीत, त्या दिवशी हिरवा. बँड खराब नाहीये. तुम्ही एकदा ईसीजी काढून घ्या.”

क्रांती त्याच्याकडे बघत राहिली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या छातीला वायरी लावणाऱ्या बाईला हा पोरगा ईसीजी काढायला सांगत होता.

“मी सांगितलं म्हणून कुठे बोलू नका, प्लीज,” तो म्हणाला.

“नाही बोलणार. चहा घे, गार होतोय.”

यावर ती लगेच गेली असेल असं वाटेल. गेली नाही. सहा दिवस गेली नाही. डॉक्टर दोन दारं पलीकडे बसत होते, पण तिकडे जायचं म्हणजे आणखी एक काम, आणखी एक रांग, आणखी गोळ्या आणि घरात सगळ्यांचे चेहरे. रविवारी भंडाऱ्याहून भावाचा फोन आला. “जयभीम ताई, तब्येत कशी?” तिने नेहमीसारखं “जयभीम, मजेत,” म्हटलं आणि फोन ठेवल्यावर पलंगाच्या कडेवर तशीच बसून राहिली. काशीनाथने विचारलं काय झालं. “काही नाही,” ती म्हणाली. तिला खरोखरच काही सांगायचा कंटाळा आला होता.

सोमवारी दोन केसच्या मध्ये खोली रिकामी होती. सकाळी बँड पुन्हा लाल झाला होता. क्रांतीने नेगीला दार लावायला सांगितलं, तिसऱ्या खाटेवर बसली आणि मॉनिटरच्या वायरी स्वतःच्या छातीला चिकटवल्या. उजवीकडे एक, डावीकडे एक, खाली एक. स्वतःला लावताना कुठे लावायच्या ते क्षणभर आठवेना. मग पडदा उजळला आणि हिरवी रेघ धावायला लागली.

तिने तीस वर्षं असल्या रेघा पाहिल्या होत्या. झोपेतून उठवून दाखवली असती तरी तिने ओळखली असती. प्रत्येक ठोक्याआधी जो बारीकसा उंचवटा असायला हवा तो नव्हताच, त्याच्या जागी नुसती थरथर. आणि ठोके दोन जवळ, एक लांब, मग तीन घाईघाईने. हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावायचे सोडून थरथरतात, त्याची ही रेघ. अशा पेशंटला रक्ताची गाठ होऊन अर्धांगाचा झटका येऊ शकतो, हेही तिला पाठ होतं. हे सगळं तिने दुसऱ्यांच्या नातेवाइकांना समजावून सांगितलं होतं.

“दीदी,” नेगी म्हणाली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

“प्रिंट निकाल ले,” क्रांती म्हणाली. “एक मिनट की.”

मशीनमधून कागदाची पट्टी बाहेर आली. क्रांतीने वायरी काढल्या, ब्लाउज नीट केला. तेवढ्यात थिएटरचं दार उघडून पुढचा पेशंट बाहेर आला. तिने त्याला घेतलं, ऑक्सिजन लावला, नाडी मोजली, कागद भरले. तो जागा होऊन पाणी मागायला लागला तेव्हा ती पट्टी घेऊन हृदयरोगाच्या डॉक्टरांच्या दारात गेली. त्यांनी एकदा कागदाकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं.

“किसकी है?”

“मेरी है, सर.”

चार दिवस तिला भरती करून ठेवलं. रक्त पातळ ठेवायची गोळी, ठोक्यांचा वेग आवरायची गोळी, दोन्ही कायमच्या. ठोके कधी ओळीत येतील, कधी पुन्हा बिघडतील, असं डॉक्टर म्हणाले. काशीनाथ काठी टेकत रोज दुपारी यायचा आणि खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचायचा. तिसऱ्या दिवशी त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि म्हणाला, “मला सांगायचं होतंस.”

“मलाच माहीत नव्हतं हो.”

“दमतेस, हे तर माहीत होतं.”

तिने डोळे मिटून घेतले, आणि दुपारच्या उजेडात झोपायचं किती वर्षांनी होतंय याचा विचार करता करता खरंच झोपली.

जानेवारीत ती परत हजर झाली तेव्हा तिचं एकच मागणं होतं. तो शेरा काढा. इनचार्जपद राहिलं नाही तरी चालेल. बँडला तिची रेघ आता भरवशाची वाटणार नव्हती आणि तिच्या एकटीसाठी वेगळी सोय करायची तर समितीकडे जावं लागत होतं. नेगीला इनचार्ज करा, असं क्रांती स्वतःच म्हणत होती. पण फाइलमध्ये ‘समाधानकारक खुलासा नाही’ हे ठेवून ती घरी जाणार नव्हती.

ती तीनदा गेली. पहिल्यांदा ढींगराबाई मीटिंगमध्ये होत्या. दुसऱ्यांदा त्यांनी सांगितलं की शेरा खोडता येत नाही, तांत्रिक कारण म्हणून एक ओळ जोडता येईल. तिसऱ्यांदा सिक्युरिटीचे मॅनेजरही बसले होते. ते म्हणाले, खुलासा हवा असेल तर आजाराचे कागद जोडावे लागतील. ते सिक्युरिटीच्या फाइलमध्ये राहतील, सगळ्यांना दिसतील. आणि हो, हा आजार मॅडमच्या लक्षात कसा आला? कंपनीच्या माणसाने काही सांगितलं का?

क्रांतीला निहारचा खाली गेलेला आवाज आठवला.

“सर,” ती म्हणाली. “मैंने खुद मॉनिटर लगाया. नेगी सिस्टर गवाह है.”

ते खोटं नव्हतं. पूर्णही नव्हतं. तिच्या सगळ्या नोकरीत तिने लिहिलेल्या नोंदींत असं अर्धवट वाक्य एकही नव्हतं, आणि तिला त्याचं काहीच वाईट वाटलं नाही.

कागदांचं मात्र तिला जड गेलं. तिच्या हृदयात काय चाललंय हे तिने अजून सख्ख्या भावाला सांगितलं नव्हतं, आणि ते आता गेटवरच्या चौकीच्या फाइलीत जाणार होतं. तिने पाणी मागितलं. प्यायली. मग ईसीजीची पट्टी आणि डिस्चार्जचा कागद टेबलावर सरकवला.

“लगा दीजिए,” ती म्हणाली. “पण आता लगेच. माझ्यासमोर.” शेवटचं तिच्या तोंडून मराठीतच निघालं. कोणी काही विचारलं नाही. ढींगराबाईंनी स्वतः लिहिलं: वरील सर्व नकार प्रकृतीच्या कारणाने झाले असून कर्मचारी निर्दोष आहे. तारीख, शिक्का. क्रांतीने दोनदा वाचलं आणि प्रत मागून घेतली.

उरलेले महिने तिला तळघरातल्या निर्जंतुकीकरण विभागात दिलं. तिथे शस्त्रक्रियेची हत्यारं वाफेने शुद्ध होऊन कापडात बांधून वर जात. बसून करायचं काम, गाठोडी मोजायची, तारखा लिहायच्या. बँडची गरज नव्हती. वरची माणसं खाली फारशी येत नसत. पहिल्या आठवड्यात तिला रिकव्हरीतल्या आवाजांची आठवण यायची, कण्हण्याचीसुद्धा. मग ती यायची बंद झाली.

निहारचा एक मेसेज आला होता, ताई तब्येत कशी आहे म्हणून. तिने लिहिलं, बरी आहे, तुझं नाव कुठे नाही. त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

फेब्रुवारीत हवा जरा निवळली. एका दुपारी ती शेअर ऑटोतून उतरली, कोपऱ्यावरून संत्री घेतली आणि जिना चढायला लागली. पहिल्या वळणावर थांबली. पिशवी खाली ठेवली. वरून येणारा शेजारी म्हणाला, “आंटीजी, लाइए, मैं ले चलूँ?”

एरवी ती नको म्हणाली असती.

“ले चलो बेटा,” ती म्हणाली, आणि तो पिशवी घेऊन वर गेल्यावरही बराच वेळ कठड्याला टेकून उभी राहिली. घाई कसलीच नव्हती.